‘अजून एक चूक झाली तर…’: एडीएचडी असताना नोकरीवर टांगती तलवार आली तर काय करायचं

मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या, म्हणजे लोकांचा माल कस्टममधून सोडवून जहाजावर चढवून देणाऱ्या, ऑफिसात मी डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग बिल, फॉर्म १३, बिल ऑफ लेडिंगचे ड्राफ्ट. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत नुसते आकडे. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाण्याचा त्रास, असलेल्या बाईनं हे काम पत्करणं म्हणजे उंदरानं मांजराच्या घरी पेइंग गेस्ट राहणं. पण पत्करलं तेव्हा मला एडीएचडी आहे हे ठाऊकच नव्हतं.

जुलैतली गोष्ट. रात्री साडेनऊला मी डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी, छत्री गळतेय, आणि न्हावाशेवा बंदरातून ट्रेलरच्या ड्रायव्हरचा फोन. ‘मॅडम, गेटपे रोक दिया, नंबर मॅच नहीं हो रहा.’ कंटेनरच्या दारावर ४७३८ होतं, मी फॉर्मवर ४७८३ टाकलं होतं. बॉक्सचं जहाज चुकलं. दोन महिन्यांतली माझी ही चौथी चूक. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं आणि सरांनी आवाज न चढवता सांगितलं, ‘अजून एक चूक झाली, तर दुसरीकडे बघा.’

पुढच्या तीन महिन्यांत मी बरंच काही केलं, त्यातलं निम्मं चुकीच्या क्रमानं. नोकरी टिकली, त्या वर्षीची पगारवाढ मात्र गेली. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण या वाटेनं पहिल्यांदा चाललेल्यांना सगळ्यात जास्त गरज क्रमाचीच असते, म्हणून तो खाली देते.

पहिले दोन दिवस: राजीनामाही नको, कबुलीही नको

धमकी मिळाली की दोनच गोष्टी सुचतात. एक, राजीनामा टाकून मोकळं व्हावं. दोन, केबिनमध्ये जाऊन सगळं भडाभडा सांगून टाकावं, की सर, मला असा असा त्रास आहे. आपल्या डोक्याची खोडच ती, जे टोचतंय ते आत्ताच्या आत्ता संपवायचं. दोन्ही आज करू नका.

राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात. मग ‘मला काढलं’ म्हणून दाद मागायची वाट जवळजवळ बंद होते. एचआरकडून फार गोड आवाजात सूचना येते, ‘तुम्हीच द्या, म्हणजे रेकॉर्ड खराब होणार नाही.’ यावर एकच वाक्य पाठ करून ठेवा: ‘मला विचार करायला वेळ हवा, उद्या लेखी कळवते.’ आणि उठा. खाली जाऊन चहा प्या. समोर टाइप केलेला राजीनामा ठेवून सही करेपर्यंत उठूच दिलं नाही, असं घडलं तर त्याच संध्याकाळी घडलेलं सगळं वेळेसकट मेलवर लिहून पाठवा. आठवड्यानंतर लिहिलेल्या मेलला तेवढं वजन राहत नाही.

हातात पत्र दिलं तर घ्या, नाकारू नका. पोचपावतीवर सही करताना वर लिहा: ‘फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य आहे असे नाही.’ खाली तारीख.

आणखी एक, यात माणसं हमखास फसतात. घाबरून ऑफिसची फाइल, क्लायंटची कागदपत्रं स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. चुका राहतील बाजूला, गोपनीयता मोडल्याचा नवा आरोप लागेल. तुमच्या नावानं आलेलं पत्र, तुमचं नेमणूकपत्र, सॅलरी स्लिप, अप्रेझलचे कागद यांच्या प्रती घरी असू द्यात. बाकीचं स्वतःच्या वहीत स्वतःच्या शब्दांत.

धमकी तोंडी आहे की कागदावर

तोंडी असेल तर ती तुम्हीच कागदावर आणा, पण भांडणाचा सूर न लावता. मी पाठवलेला मेल साधारण असा होता (आमच्याकडे मेल इंग्रजीत जातात, वाक्यं हीच):

‘काल झालेल्या बोलण्यात आपण माझ्या कामातल्या चुकांबद्दल सांगितलंत. गेल्या दोन महिन्यांतल्या ज्या नोंदींबद्दल तक्रार आहे, त्यांची यादी मिळाली तर मला नेमकं सुधारता येईल. माझ्या बाजूनं सोमवारपासून मी कंटेनर नंबर दोनदा तपासून मगच फॉर्म पुढे पाठवणार आहे. पंधरा दिवसांनी आपण एकदा एकत्र बसून आढावा घ्यावा, ही विनंती.’

यात काय नाही ते बघा. ‘यापुढे चूक होणार नाही’ हे वाक्य नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात ते होतं. आमच्या ऑफिसातल्या एका जुन्या काकांनी पेनानं खोडलं आणि म्हणाले, ‘अगं, हे लिहिलंस तर पुढची चूक म्हणजे चूक राहणार नाही, वचनभंग होईल.’ चूक होणारच आहे. लिहून द्यायचं ते पद्धतीबद्दल, निकालाबद्दल नाही.

शो-कॉज, म्हणजे ‘कारणे दाखवा’, नोटीस आली तर उत्तराची मुदत बघा. मुदत कमी वाटली तर लेखी वाढवून मागा, पण उत्तर न देता सोडू नका. पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवायची आपली सवय इथे महागात पडते. उत्तरात प्रत्येक चूक वेगळी घ्या. माझ्या चारपैकी एक चूक पार्टीनंच, म्हणजे माल पाठवणाऱ्या ग्राहकानंच, चुकीची पॅकिंग लिस्ट पाठवल्यामुळे झाली होती, आणि लाजेपायी मी तीही पदरात घेऊन बसले होते. आयुष्यभर ‘वेंधळी’ ऐकलेली माणसं दुसऱ्याच्या चुकाही स्वतःच्या खात्यावर टाकतात. ते करू नका.

पीआयपीवर (‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’वर) ठेवलं असेल, म्हणजे महिना, दोन महिने, तीन महिने काम तोलून बघणार असतील, तर पहिल्याच दिवशी मोजमाप लिहून मागा. किती कागदांमागे किती चुका चालतील? टायपिंगची चूक आणि पैशांचं नुकसान करणारी चूक एकाच मापात धरणार का? बाहेर जायच्या आधी स्वतःच पकडलेली चूक मोजणार का? ‘सुधारणा दिसली पाहिजे’ हे मोजमाप नव्हे, तो मूड आहे.

चुकांची वही

आता मुख्य काम. दोनशे पानी साधी वही घ्या, ॲप नको. ॲप उघडायला मोबाइल हातात घ्याल आणि वीस मिनिटांनी भलत्याच गावी पोचाल.

प्रत्येक चुकीला पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, काम, चूक काय, ती कुणी पकडली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याआधीच्या दहा मिनिटांत काय चाललं होतं. सरांनी पकडलेल्याच नव्हे, तुम्ही स्वतः पकडलेल्या चुकाही. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

‘१९ तारीख, ५.४०. एसआय, कट-ऑफ सहा. ग्रॉस वेट आणि नेट वेटची अदलाबदल. मी पकडली, पाठवल्यावर. आधी: पार्टीचा फोन दोनदा, कुरिअरवाल्याला सही, मग कुठल्या रकान्यात होते ते विसरले.’

(एसआय म्हणजे जहाज कंपनीला पाठवायच्या मालाच्या सूचना, कट-ऑफ म्हणजे त्या पाठवायची शेवटची वेळ.) तीन आठवड्यांत अकरा चुका जमल्या. त्यातल्या आठ दुपारी चार ते साडेसहाच्या मधल्या. आठपैकी सात कुणीतरी मध्येच तोडल्यानंतरच्या. सकाळी दहा ते एकमध्ये फक्त एक, आणि कामाचा ढीग सकाळीच जास्त असतो.

त्या पानाकडे बघत मी बराच वेळ बसले. लहानपणापासून ऐकत आले होते की मी निष्काळजी आहे. निष्काळजी बाई सकाळीही चुकली असती. माझ्या चुका माझ्यात सगळीकडे पसरलेल्या नव्हत्या, त्यांना पत्ता होता.

पत्ता का असतो, तेही थोडक्यात सांगते. कागदावरचा आकडा डोळ्यांतून बोटांत जाईपर्यंत डोक्यात कुठेतरी धरून ठेवावा लागतो. एडीएचडीत ही धरून ठेवायची जागा लवकर निसटते. कुणी हाक मारली की इतरांचा आकडा थांबतो, आपला पुसला जातो, आणि पुसला गेलाय हे कळतही नाही. हात आपला पुढे टाइप करत राहतो. म्हणून ‘लक्ष देऊन काम कर’ हा सल्ला निरुपयोगी. लक्ष द्यायचं ठरवणारी यंत्रणाच जिथे अडखळते, तिथे तिलाच आणखी एक काम सांगण्यात काय हशील?

पत्ता सापडला की उपाय तिथेच करायचा. मी केलेले काही सांगते, तुमच्या धंद्याप्रमाणे बदला.

कंटेनरच्या नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा सातवा आकडा हा आधीच्या दहा चिन्हांवरून गणितानं काढलेला असतो. म्हणजे मधले दोन आकडे उलटे पडले तर गणित बहुतेक वेळा जुळत नाही. ऑपरेशन्समधल्या एका मुलानं मला एक्सेलमध्ये तेवढं सूत्र बसवून दिलं; नंबर चुकला की खाना लाल होतो. सहा वर्षं मी हा नंबर टाइप करत होते आणि तो शेवटचा आकडा कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं! जगभरातल्या जहाजवाल्यांनी माणूस आकडा चुकणार हे गृहीत धरून ठेवलंय, फक्त आमच्या केबिनमध्ये ते गृहीत नव्हतं. अकाउंट्सवाल्यांसाठी: जीएसटी नंबरचंही तसंच. पंधरा चिन्हं, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, मग दहा पॅनची, आणि शेवटचं पंधरावं चिन्ह तपासणीचं.

दुसरं, आकडा टाइप करायचाच नाही, जिथून आला तिथून कॉपी करायचा. तिसरं, पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचणं. शेजारची मैत्रीण कागदावरून म्हणते, मी स्क्रीनवर बघते. तिच्या ड्राफ्टला मी म्हणते. दोन मिनिटं लागतात. एकटं असाल तर प्रिंट काढून ओळीखाली पट्टी धरा, आकडे उजवीकडून डावीकडे वाचा. उलटं वाचलं की मेंदूला ‘हे आपल्याला माहितेय’ म्हणून उडी मारता येत नाही.

चौथं, जीमेलला ‘अनडू सेंड’ तीस सेकंदांपर्यंत वाढवता येतं, आउटलुकला मेल काही मिनिटं अडवून ठेवायचा नियम लावता येतो. माझ्या निम्म्या चुका मला पाठवल्यावर दहाव्या सेकंदाला दिसतात. ती दहा सेकंदं अशी विकत घेता येतात.

पाचवं, आणि यासाठी साहेबांची परवानगी लागते: चार ते सहा माझ्या टेबलावरचा फोन दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. बदल्यात सकाळी त्यांचे फोन मी घेते. सहावं, जाता जाता पॅसेजमध्ये सांगितलेलं काम मी लगेच मेल करून परत पाठवते, ‘तुम्ही आत्ता सांगितलंत ते असं समजले, बरोबर?’ सुरुवातीला लोक हसले. आता दोघंतिघं स्वतःही करतात.

झोपेचं वहीनंच दाखवलं. मेगाब्लॉकच्या दुसऱ्या दिवशी, किंवा गाडीच्या गोंधळात साडेअकराला घरी पोचून पुन्हा सकाळची फास्ट धरली त्या दिवशी, चुका वाढतात. मुंबईत याला पूर्ण उपाय नाही. त्या दिवशी कट-ऑफचं काम सकाळी उरकायचं आणि तपासायला जोडीदार घ्यायचा, एवढंच हातात.

तपासून घेणं

वही लिहिताना एकीकडे अपॉइंटमेंट घ्या. इंटरनेटवरच्या रीलवरून स्वतःला एडीएचडीचं लेबल लावू नका आणि ते लेबल ऑफिसात तर मुळीच वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची प्रश्नावली आहे, तिचा पहिला भाग सहा प्रश्नांचा. ती भरून न्यायला हरकत नाही, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. निदान मनोविकारतज्ज्ञ करतात. खासगीत परवडत नसेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, विलेपार्ल्याचं कूपर, भायखळ्याचं जे. जे., सगळीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेची तयारी ठेवा, अर्धा दिवस रजा टाका. त्या दिवशीचा केसपेपर जपून ठेवा. तो पुढे तारखेचा पुरावा आहे.

मोठेपणी निदान करताना डॉक्टर लहानपण विचारतातच. २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या निकषांनुसार लक्षणांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत किंवा घरी आणि कामावर, आणि मोठ्यांमध्ये एका गटातली (लक्ष उडणं, किंवा चंचलता-उतावीळपणा) किमान पाच. म्हणून जुनं प्रगतिपुस्तक शोधा. माझं चौथीचं आईनं साडीच्या कपाटात ठेवलेलं निघालं. शेरा: ‘हुशार आहे. धांदरटपणा कमी करावा.’ डॉक्टर ते वाचून पहिल्यांदा हसल्या, मग त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.

घरच्या एका माणसाला सोबत न्या. माझ्या आईचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे काय, ठाण्याला नेणार का तुला?’ आमच्या पिढीपर्यंत ठाणं म्हणजे मेंटल हॉस्पिटलच. तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवून ओपीडीतली गर्दी दाखवली, त्यात अर्धे लोक ऑफिसची बॅग घेऊन आलेले, तेव्हा ती गप्प झाली. आत गेल्यावर मात्र तिनंच माझ्यापेक्षा जास्त माहिती दिली.

थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेत घोरून श्वास अडकणं, चिंता, नैराश्य, यांनीही लक्ष उडतं. डॉक्टर आधी ते तपासायला सांगतील. कुरकुर करू नका. एखाद्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

गोळ्यांबद्दल एवढंच. मिथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत, मोडतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि ते विकायला वेगळा परवाना लागत असल्यानं नाक्यावरच्या मेडिकलमध्ये बहुधा मिळत नाही. कुठे मिळेल ते डॉक्टरांनाच विचारा आणि शेवटची पट्टी फोडायच्या आधी जा. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध वेगळ्या जातीचं, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. म्हणजे सोमवारी धमकी आणि शुक्रवारी गोळीनं सुटका, असा हिशेब मांडू नका. मैत्रिणीच्या मुलाची गोळी मागून तर अजिबात घेऊ नका. गोळीनं मला बसायला मदत केली. आकडे तपासायचं काम अजून ते सूत्रच करतं.

रात्री फार घालमेल झाली तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

साहेबांना सांगायचं का?

माझं मत: आधी सोय मागा, आजाराचं नाव नंतर. ‘मला एडीएचडी आहे’ म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात काय उमटेल ते तुमच्या हातात नाही. आमच्याकडे एकजण म्हणाला असता, ‘ते लहान मुलांना असतं ना?’ पण ‘चार ते सहा फोन दुसरीकडे वळवले तर माझे ड्राफ्ट बिनचूक जातात, ही बघा तीन आठवड्यांची नोंद’ याला नाही म्हणणं साहेबांना जड जातं. वही घेऊन जा, पान उघडून समोर ठेवा. मी गेले तेव्हा सरांनी पान दोनदा उलटसुलट केलं आणि विचारलं, ‘हे तू स्वतः लिहिलंस?’ त्यांच्या मते मी चुका लपवणाऱ्यांतली होते.

मागणी छोटी आणि मोजता येणारी असावी. पॅसेजपासून लांबची जागा, लेखी सूचना, दुसऱ्या नजरेची तपासणी, आठवड्याला पंधरा मिनिटं आढावा. एका वेळी दोनच.

नाव कधी सांगायचं? प्रकरण कागदावर चढलं, शो-कॉज आली, पीआयपी सुरू झाली, आणि सोयी नाकारल्या जात आहेत, तेव्हा. इथे एक पेच आहे, तो नीट समजून घ्या. काढून टाकल्यानंतर ‘मला हा त्रास होता’ सांगितलं तर मालक म्हणणार, आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे कायद्याचा आधार घ्यायचा असेल तर निर्णय होण्याआधी लेखी कळवलेलं बरं. सांगायचं ते एचआरला, मेलवर, डॉक्टरांच्या पत्रासह, कँटीनमध्ये नाही. पत्रात सगळा इतिहास नको. ‘उपचार सुरू आहेत, या या सोयी केल्यास कामात मदत होईल’ एवढं डॉक्टर लिहून देऊ शकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर तसलं काही नाही, हे लक्षात असू द्या.

कायदा कुठवर साथ देतो

खोटी आशा नको म्हणून आधी कमकुवत बाजू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकार नावानिशी दिलेत, त्यांत एडीएचडीचं नाव नाही. मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. नुसत्या एडीएचडीवर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळेलच असं धरून चालू नका. सोबत दुसरं निदान असेल तर डॉक्टरांना विचारा.

आता भक्कम बाजू. त्याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपुरती बांधलेली नाही. दीर्घकाळच्या मानसिक किंवा बौद्धिक अडचणीमुळे इतरांच्या बरोबरीनं वावरता न येणं, असा तिचा रोख आहे. ‘वाजवी सोय’, म्हणजे इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून केलेला योग्य तो बदल, हा शब्द कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात वाजवी सोयीचा हक्क चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला बांधलेला नाही असं म्हटलं. डिसेंबर २०२१ मध्ये रविंदर कुमार धारिवाल यांच्या खटल्यात, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या सीआरपीएफ अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाच अप्रत्यक्ष भेदभावाचा एक प्रकार आहे, असा निर्वाळा दिला. महापालिका, रेल्वे, सरकारी बँक अशा ठिकाणी असाल तर हे दोन निकाल वकिलाला आवर्जून दाखवा. याच दिव्यांग कायद्याच्या कलम २०चं, नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून दिलेलं संरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगीत हात आखडतो, पण समान संधी धोरण ठेवणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. एचआरला मेल करून त्या धोरणाची प्रत मागा. नुसती प्रत मागितल्यावरही सूर बदललेला मी पाहिलाय. या कायद्याखालच्या तक्रारींसाठी राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे.

दुसरा रस्ता कामगार कायद्याचा, आणि माझ्या मते बऱ्याच जणांना तोच जास्त उपयोगी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तुमच्या कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘ऑफिसर’ छापलंय म्हणून तुम्ही कामगार नाही असं समजू नका. हुद्दा नव्हे, रोजचं काम बघतात. कारकुनी, तांत्रिक, हातानं करायचं काम असेल तर तुम्ही त्यात बसू शकता. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला शिक्षा म्हणून नव्हे तर इतर कारणानं कमी करायचं असेल तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. शिक्षा म्हणून काढायचं तर आरोप लेखी सांगून म्हणणं ऐकून घ्यायला हवं. दाद मागायला संहितेत दोन वर्षांची मुदत आहे, पण महिन्याभरात हाला. वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे, चौकशी तिथून सुरू करा. जाताना नेमणूकपत्र न्या. प्रोबेशनवर असाल, किंवा पगार कंत्राटदाराकडून येत असेल, तर चित्र बदलतं. ते पत्र बघूनच कळेल.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून बसून राहू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

तरीही गेलीच तर

वेतन संहितेनुसार काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर कामाचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असतात. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ हे वाक्य ऐकलंत तर लेखी विचारा, कोणत्या नियमानं. पैसे खात्यात पडण्याआधी ‘सर्व येणे मिळाले’ यावर सही नको. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी धरा. रिलीव्हिंग लेटरचा मजकूर सही करण्याआधी वाचायला मागा आणि त्यात कारण न घालता फक्त तारखा आणि हुद्दा असावा असं सुचवा. बऱ्याच कंपन्या मान्य करतात, कारण त्यांनाही वाद नको असतो.

ऑफिसचा ग्रुप विमा बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो, तेव्हा औषधाची चिठ्ठी आणि राहिलेल्या तपासण्या त्याआधी उरका. आणि पीएफच्या यूएएनला (पीएफ खात्याच्या कायमच्या क्रमांकाला) ऑफिसचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर सिमकार्ड परत करण्याआधी तो बदला. हे मी एका मैत्रिणीच्या वेळी विसरले. तिचा ओटीपी चार महिने कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये वाजत होता.